साडूंचं जपान

बदनापूर तालुक्यात राहून जपानात नांदणारा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच आहे. तो नेमका माझा साडू निघावा याला मी माझं नशीब म्हणतो. माझी बायको याला तिच्या वडिलांची घाई म्हणते. धाकटीचं लग्न उरकताना मुलाची नोकरी पाहिली, शेती पाहिली, पत्रिका पाहिली, पण मुलगा रिकामा असताना काय करतो हे कोणी विचारलंच नाही. तो रिकामा असताना टेक्नो करतो. टेक्नो म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेलं, एकाच ठेक्यावर तासन्‌तास चालणारं, शब्द नसलेलं संगीत, असं मी माझ्या अकलेप्रमाणे समजून घेतलं आहे. 'म्हणजे आपला डीजेच की' असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. एका लग्नात माझा चुलतभाऊ तसं म्हणून बसला. साडूंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि दोन्हींतला फरक सांगायला घेतला. ती पंगत उठली, पुढची बसली, तीही उठली, वाढपी जेवायला बसले, तरी साडू अजून प्रस्तावनेतच होते. चुलतभाऊ तेव्हापासून आमच्याकडच्या लग्नांना फक्त आहेर पाठवतो.

जालन्याच्या एका बियाणं कंपनीत ते सुपरवायझर आहेत. रोज रेल्वेने जातात, रोज रेल्वेने येतात. बियाणं निवडणाऱ्या यंत्राची धडधड दिवसभर ऐकून बाकीची माणसं घरी आल्यावर डोक्याला बाम लावतात. साडू ती धडधड मोबाइलमध्ये भरून घरी आणतात आणि कॉम्प्युटरला पाजतात. त्यांनी स्वतःचा एक अल्बम केला आहे, त्याचा सगळा ठेका त्या यंत्राचा आहे. आणि जपान आलं ते एका कीबोर्डमधून. गावोगाव फिरणारी एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिचं सामान भंगारात निघालं, त्यातून त्यांनी तो जपानी बनावटीचा कीबोर्ड उचलला. त्याच्या पाठीवर जपानी अक्षरांची एक पट्टी होती. साडूंनी ती हलक्या हाताने सोडवली, काचेच्या फ्रेममध्ये बसवली, बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी टांगली, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी तिच्यापुढे कमरेत वाकायला लागले. चांगली दोन-तीन वर्षं हा नमस्कार चालला. मग मोबाइलवर भाषांतराची सोय आली. माझ्या मुलीने फ्रेमवर मोबाइल धरला आणि मोठ्यांदा वाचलं, 'ओल्या हाताने स्पर्श करू नये.' आम्ही सगळे फरशीकडे पाहत राहिलो, कारण हसलो असतो तर त्या घरात जेवण मिळालं नसतं. साडूंनी फ्रेम सरळ केली. मग म्हणाले, "बराबर हाये. चांगल्या कामाला माणसानं कोरड्या हातानंच बसावं." फ्रेम अजून तिथेच आहे आणि नमस्कारही चालू आहे.

त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं हे छातीच्या माणसाचं काम. आपण दारात चप्पल काढत असतो तेव्हाच आतून बोट ओठांवर ठेवलेले साडू दिसतात. म्हणजे काहीतरी रेकॉर्ड होतंय. कधी दाराची बिजागरी, कधी पाट्यावरचा वरवंटा, कधी नुसता माठ पाझरतोय. आपण एका पायात चप्पल, एक पाय हवेत असे उभे. खोकला अशा वेळीच येतो. एकदा कुकरच्या शिट्टीच्या अगोदरची फुसफुस त्यांना हवी होती, तर आम्ही सातआठ माणसं स्वयंपाकघरात श्वास धरून त्या कुकरकडे बघत बसलो होतो. शिट्टी झाली तेव्हा सासूबाईंना घाम फुटला होता. माणूस त्या घरातून घरी येतो तो मान आखडून येतो. माझ्या बायकोला मी कितीदा सांगितलं की तुझ्या बहिणीकडे जायचं तर मला आदल्या दिवशी बीपीची गोळी दुप्पट घेऊ दे.

आणि हे घरात झालं. रस्त्यावर जपानी रिवाजाप्रमाणे ते प्रत्येकाला वाकून नमस्कार करतात. आमच्या भागात उगाच वाकलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. मत मागायला आला की जमीन मागायला आला, हेच आधी मनात येतं. एसटीच्या कंडक्टरला त्यांनी तिकीट घेताना असा लवून नमस्कार केला की तो बिचारा गाडी सुटेपर्यंत आपली बॅग छातीशी धरून होता. रेल्वे फाटकापाशी मालगाडीचा आवाज भरून घेताना एका हवालदाराने त्यांना हटकलं, तेव्हा साडू त्यालाही वाकले. हवालदाराला वाटलं हा खाली काहीतरी लपवतोय. मला फोन आला, मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो, आणि टेक्नो म्हणजे काय हे एका पोलीस चौकीत मला समजावून सांगावं लागलं. माझ्या आयुष्यातला तो फार वाईट अर्धा दिवस होता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलं ते जपानी शांततेने. त्या लोकांकडे म्हणे दोन आवाजांमधल्या मोकळ्या जागेलाही नाव आहे. 'मा' म्हणतात तिला. साडूंनी हे कुठेतरी वाचलं आणि बोलण्यातही तशी जागा सोडायला लागले. समोर असले तर ठीक, पण फोनवर? एकदा भल्या सकाळी फोन आला. सासरे त्या आठवड्यात त्यांच्याकडे राहायला गेलेले, वय झालेलं. साडू गंभीर आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, मामांना..." आणि थांबले. मी भिंतीला टेकलो. बायको माझ्या चेहऱ्याकडे बघून इकडे रडायलाच लागली. तिकडून नुसती शांतता. मग सावकाश आवाज आला, "...पपई लै आवडली. तुमच्याकडंबी पाठवून राह्यलो." पपई आली, पण आमच्या घरात ती कोणी खाल्ली नाही.

अल्बमचा पहिला भाग तयार झाला तेव्हा तो ऐकायला घरची मंडळी जमवली होती. साडूंनी प्रत्येकाला चहाचा कप दोन्ही हातांनी दिला, तो कसा फिरवून धरायचा ते दाखवलं, तोवर चहा गार. मग यंत्र सुरू झालं. धड, धड, धड, धड. त्यात मधूनच घंटेसारखं काहीतरी, मधूनच बिजागरी. सासरे जुने भजनी माणूस. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, अत्यंत अदबीने ऐकत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडून हळूच विचारलं, "जावईबापू, गाणं सुरू कव्हा व्हनार?" तेव्हा तो भाग संपत आला होता. साडूंना राग आला नाही. उलट सासऱ्यांना प्रश्न पडला याचाच त्यांना आनंद झाला. असा हा माणूस. त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी राग कुठे ठेवायचा कळत नाही.

आता माझ्या मेहुणीविषयी सांगायला हवं, कारण खरं नांदणं तिने केलं. नवरा जपानात असल्यामुळे बदनापूरकडचं सगळं तिच्याकडे होतं. शेत साडूंच्या थोरल्या भावाच्या ताब्यात. कापूस, सोयाबीन काय घालायचं ते तेच ठरवणार. मेहुणीने त्यांच्याकडून एक तुकडा मागून घेतला, त्यात तुती लावली, बांधाला लागून जाळीची शेड उभी केली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली. अळ्या म्हणजे तान्ही लेकरं. तीन वेळा ताजा पाला, पाय चुन्यात बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही, वास चालत नाही, धूर चालत नाही, औषधाचा तर वाराही चालत नाही. तिची आधीची बॅच अशीच गेली होती. शेजारच्या कपाशीवर फवारा झाला, वारा इकडचा होता, आणि कोष करायच्या बेतात आलेल्या अळ्या एका संध्याकाळीत माना टाकून पडल्या. कपाशी थोरल्या दिरांची होती. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. थोरले दीर एवढंच म्हणाले की हे नाजूक काम आपल्याकडं चालायचं न्हाई, आणखी एक बॅच करून बघा, ती गेली की तुती उपटून सोयाबीन घालू. घरात त्यांचा शब्द शेवटचा. तेव्हा ती एक बॅच म्हणजे मेहुणीचं सगळंच होतं. त्या दिवसांत ती बहिणीशी फोनवर बोलायची तेसुद्धा हळू आवाजात, जणू अळ्या ऐकतील.

आणि साडूंच्या अल्बमचा शेवटचा भाग अडला होता तो याच अळ्यांपायी. जपानात पूर्वी घरोघर रेशीम पिकायचं, हे त्यांना फार उशिरा कळलं. आपण जपान धुंडाळत जगभर फिरलो (म्हणजे कॉम्प्युटरवर) आणि ते बायकोच्या शेडमध्येच होतं, या विचाराने त्यांची झोप उडाली. मोठ्या झालेल्या अळ्या पाला खातात त्याचा आवाज होतो. हजारो तोंडं एकदम चालतात. तो आवाज त्यांना हवा होता, आणि तो मिळणार फक्त कोष करण्याआधीच्या शेवटच्या चार-सहा दिवसांत, त्यातही दुपारी लाइट गेल्यावर, जेव्हा आजूबाजूच्या मोटारी बंद असतात. मेहुणी आधी ऐकूनच घेईना. साडूंनी महिनाभर तिच्या विनवण्या केल्या, शेवटी तर तिच्यासमोरही कमरेत वाकले. तेव्हा ती म्हणाली, या एकदाचे, पण मी सांगते तसं.

तो रविवार होता. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं; खरं तर साडूंना कोणीतरी ऐकायला हवं असतं. मेहुणीच्या अटी ऐकून मी तिथूनच परत फिरणार होतो. आंघोळ बिनसाबणाची, केसाला तेल नाही, कपडे नुसत्या पाण्यात धुतलेले, तंबाखू बांधापलीकडे. माझ्या जवळून वारा गेला तशी ती म्हणाली, "दाजी, डोक्याला वासाचं तेल हाये तुमच्या. मातीनं धुवून या, न्हाई तर इथंच बसा." ज्या माणसाला घरात रविवारी कोणी उठवायची हिंमत करत नाही तो मी, हापशाखाली डोक्याला माती चोळत बसलो. साडू मात्र एखाद्या व्रताला बसल्यासारखे सगळं बराबर करून तयार होते. नखंसुद्धा कापली होती. दुपारी लाइट गेली. मेहुणी आणि माझी बायको शेताच्या पार टोकाला पाला कापायला गेल्या. जाताना मेहुणी दारातून मागे वळून म्हणाली, "काही हात लावू नका बरं का." साडूंनी मान डोलावली.

त्यांनी माइक रॅकवरच्या फांद्यांजवळ बांधला, हेडफोन लावला, आणि एक बाजू काढून माझ्या कानाशी धरली. मी दारात चुन्यात पाय ठेवून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मी चकित झालो. मोठ्या पंगतीत सगळ्यांनी एकदम पापड मोडायला घ्यावेत आणि ते मोडणं संपूच नये, तसा तो आवाज होता. साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी अळ्यांना वाकून नमस्कार केला. मग शर्टाच्या खिशातून एक उदबत्ती काढली, पेटवली आणि रॅकच्या एका टोकाला खोचली. जपानात म्हणे मन लावून ऐकण्याआधी धूप जाळतात. बायकोची मनाई तेलाला होती, साबणाला होती, तंबाखूला होती. देवाला लावतात ती उदबत्ती कोणाचं वाईट करील हे त्यांच्या मनातच येणं शक्य नव्हतं, आणि धुराचं माझ्याही लक्षात आलं नाही. जपान आणि देवघर यांच्यामध्ये उभा असलेला माणूसच ही चूक करू शकतो.

थोड्या वेळाने कानातला आवाज विरळ व्हायला लागला. पापड मोडणारे एकेक उठून जात होते. मग शांतता. पूर्ण. साडूंचे डोळे भरून आले. ते कुजबुजले, "साडूभाऊ, ऐकून राह्यल्या. आपल्याला ऐकून राह्यल्या त्या." इतकी वर्षं ते जी शांतता शोधत होते ती त्यांना सापडली होती. मी मात्र दारातून अळ्यांकडे बघत होतो. त्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्या माना हलवत होत्या. टोकाच्या रॅकवरच्या काही अळ्यांच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. मी म्हटलं, साडू, ही शांतता मला बरी दिसत नाही.

तेवढ्यात मेहुणी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली. दाराच्या बाहेरच तिला वास आला. भारा तिथेच पडला. ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल, असं मला वाटलं; तसं तिने काहीही केलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती आत गेली, काडी उपटून चुन्यात विझवली, चारी बाजूंचे पडदे वर केले आणि नवऱ्याला विचारलं, "कोणत्या पुड्यातली हाये?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की प्रश्न काय आहे. घरात एकाच कोनाड्यात दोन पुडे होते. एक देवाचा. दुसरा डासांचा, थोरल्या दिरांनी गोठ्यासाठी आणलेला. दोन्हींच्या काड्या काळ्या, लांब, आणि दोन्हींना मोगऱ्याचा वास. साडूंनी न बघता हात घालून काढली होती. पुडे दोन्ही फोडलेले. मेहुणीने विझलेली काडी नाकाशी धरली, माझ्या बायकोने धरली, मी धरली. काही कळेना. मेहुणी म्हणाली, "देवाची असंल तर ताज्या पाल्याला तोंड लावतील. मच्छरची असंल तर दिवस बुडायच्या आत सगळ्या जातील." एवढं सांगून ती कामाला लागली. धूर बसलेला पाला काढायचा, नवा घालायचा, हवा खेळवायची. लाइट नाही म्हणून पंखा नाही. माझ्या बायकोने सूप आणलं, मी डब्याचं झाकण, साडूंनी अंगातला शर्ट काढला, आणि आम्ही वारा घालायला लागलो. कोणी बोलत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा साडूंना शांतता नको होती.

नवा पाला घातला. अळ्या त्यावर नुसत्या पडून राहिल्या. हात दुखायला लागले तरी झाकण खाली ठेवायची माझी हिंमत होईना. सावली शेडच्या कुडापर्यंत आली आणि मोटारसायकलचा आवाज आला. थोरले दीर. दर रविवारी ते चक्कर टाकायचे. आत कधी येत नसत, बाहेर उभं राहून अळ्यांचं खाणं ऐकायचे आणि जायचे. त्या दिवशी ते उभे राहिले, आणि त्यांना ऐकू आलं नाही. पुढे येऊन जाळीतून बघत त्यांनी विचारलं, एवढं गुमसुम कामून हाये? मेहुणीने पदर डोक्यावर घेतला आणि पाला पसरत राहिली. साडूही गप्प राहिले असते तर पुढे जे व्हायचं ते तिच्याच नावावर लागलं असतं. आधीच्या वेळी लागलं होतं तसंच. साडू थोरल्या भावासमोर कधी मान वर करून बोललेले मी पाहिले नव्हते. ते उघड्या अंगाने, हातात शर्ट, दारात आले आणि म्हणाले, "दादा, मी अगरबत्ती लावली आत. मच्छरची बी असंल. तिनं काही केलं न्हाई. तिची मागच्या टायमालाबी चूक नव्हती."

थोरले दीर म्हणाले, "मंग उद्या ट्रॅक्टर लावतो."

मेहुणीने हात वर केला. दिरासमोर, बोलणं थांबवण्यासाठी, तिने हात वर केला. मग नवऱ्याच्या गळ्यातला हेडफोन काढून घेतला आणि डोक्यावरच्या पदरावरूनच कानाला लावला. माइक सोडवून हातात धरला आणि पहिल्या रॅकपाशी उभी राहिली. काही नाही. दुसरा रॅक. तिच्या तोंडाकडे आम्ही बघत होतो आणि तोंडावर काही दिसत नव्हतं. थोरले दीर पायताण काढून, पाय चुन्यात बुडवून दारात आले होते. लांब कुठेतरी कोणी बैलाला हाक मारली तर त्यांनीच हात करून ओरडणाऱ्याला गप्प बसायची खूण केली, इतक्या लांबून त्याला काय दिसणार होतं कोण जाणे. ती पार शेवटच्या, वाऱ्याकडच्या रॅकपाशी गेली. वाकली. माइक पानाला टेकवला. डोळे मिटले. माझ्या बायकोने माझं मनगट इतकं दाबून धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला.

"खाऊन राह्यल्या," मेहुणी म्हणाली.

आणि खाली बसली. साडू तिच्याकडे धावले ते अर्ध्या वाटेत थांबले, पुढे जावं की नाही हे न कळून. तिनेच हेडफोन वर धरला. थोरल्या दिरांनी तो घेतला, कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, परत दिला, आणि दाराबाहेर पडलेला पाल्याचा भारा उचलून आत आणला. त्यानंतर ट्रॅक्टरचा विषय निघाला नाही. हल्ली कपाशीवर फवारायचं असेल तर ते आदल्या दिवशी निरोप पाठवतात.

उदबत्ती खोचली होती त्या टोकाच्या अळ्या गेल्या. मेहुणीने त्या चुन्यात पुरल्या आणि दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. बाकीच्यांनी कोष केले. ती काडी कोणत्या पुड्यातली होती हे अजूनही कोणाला माहीत नाही. मेहुणीने दोन्ही पुडे उकिरड्यावर टाकले. त्या घरात आता देवापुढे नुसतं निरांजन असतं आणि देवांनी काही तक्रार केलेली नाही. साडूंना शेडमध्ये यायला बंदी आहे. ते दाराबाहेर बाजेवर बसतात आणि आतून तिने काही मागितलं की उठून देतात.

रेकॉर्डिंग बंद करायचं त्या गडबडीत राहूनच गेलं होतं. साडूंच्या ते आठवडाभराने लक्षात आलं. त्यांनी स्वतःची कुजबुज काढून टाकली, आमची धावपळ काढून टाकली, भावाचा शब्दही काढून टाकला. त्याखाली बियाण्याच्या यंत्राचा ठोका घालून पाहिला आणि तोही काढला. शेवटच्या भागात ठोका नाही, घंटा नाही, काही नाही. लांबलचक शांतता आहे, मग तिचं ते वाक्य, आणि मग हळूहळू वाढत जाणारं खाणं. टेक्नोचा माणूस असं काही करतो का, मला ठाऊक नाही. अल्बम इंटरनेटवर आहे. तो ऐकणाऱ्यांत बहुतेक आमचे नातेवाईक आहेत आणि तेही साडूंनी समोर बसवलं म्हणून.

एकदा मात्र त्याखाली जपानी अक्षरांत कोणीतरी लिहिलं. साडू धावत जालन्याला आमच्या घरी, माझ्या मुलीकडे आले. मोबाइलने भाषांतर केलं ते असं, 'तुमच्या किड्यांचे जेवण ऐकून मला माझी आई झाली.' आम्ही खूप हसलो. मग मुलीने दुसरीकडून तपासलं. त्या माणसाची आई अळ्या पाळायची, माळ्यावर. हा आवाज ऐकत तो झोपायचा. आता त्याच्या गावात कोणी पाळत नाही. आणि त्याने विचारलं होतं, शांततेनंतर ती बाई काय म्हणते? साडू आणि मी त्यावर पुष्कळ डोकं लढवलं. 'खात आहेत' असं लिहावं तर त्याला काय कळणार. शेवटी साडूंनी मेहुणीलाच फोन लावला. ती पाला कापत होती. ती म्हणाली, त्याला लिवा, तुझ्या आईला इचार, ती सांगंल. साडूंनी तसंच्या तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. आई नसेल, असं मला वाटलं, पण मी साडूंना म्हटलं नाही.

मला संगीतातलं कळत नाही आणि तो अल्बम सबंध ऐकायची ताकद माझ्यात नाही. पण तो शेवटचा भाग मी ऐकतो. बायको घरात नसते तेव्हा, मुलीचा हेडफोन लावून. अळ्या वाचल्या, कोष झाले, ते रेशीम कुठल्या कुठे विकलं गेलं, सगळं मला माहीत आहे. तरी ती शांतता सुरू झाली की माझा हात खुर्चीचा दांडा धरतो, आणि मेहुणी बोलेपर्यंत मी श्वास घेत नाही.